माझ्या जागेवर इंजिन

आमच्या गाडीला दोनच सीट. एक यांची, एक माझी. गाडी लाल, बसकी आणि इतकी खाली की आपल्या मांडीवर काय ठेवलंय ते शेजारच्या रिक्षातल्या माणसाला दिसावं. हे न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होते, तेव्हा यांच्या शेठनी परदेशी कायमचं जायच्या आधी ती यांच्या गळ्यात मारली. हे म्हणतात, "प्रेमानं दिली." शेठचं प्रेम मी बघितलंय. दिवाळीच्या सोनपापडीच्या डब्यापलीकडे ते कधी गेलं नव्हतं.

स्पोर्ट्‌स कार म्हणे. पामबीचच्या सपाट रस्त्यावर पळायची, नाही असं नाही. पण आम्ही राहतो बेलापुरात आणि यांना दर रविवारी संध्याकाळी पारसिकच्या डोंगरावर गाडी न्यायचीच असते. तिथला चढ लागला की ही जी धापा टाकायची! दोन माणसं घेऊन चढायचीच नाही. दोघांतलं एक उतरायला हवं आणि चालवणारा काही उतरू शकत नाही. मग कोण उतरायचं, हे सांगायला नकोच.

"जरा उतर ना," असं म्हणून हे भुर्रकन पुढे जायचे आणि मी पदर खोचून मागून चालायची. डोंगरावर फिरायला येणारी मंडळी मला ओळखायला लागली होती. वर पोचावं तर हे बॉनेटला टेकून भाजलेलं कणीस खात उभे. वर मित्रांना सांगायचे, "गाडी चांगली आहे हो, हिच्यामुळे चढत नाही." की सगळे हसायचे. मी साताऱ्याची. चढाला मी भीत नाही. पण त्या हसण्याचा मला फार राग यायचा आणि वाईटही वाटायचं. लग्नाच्या बायकोला नवऱ्याशेजारी बसून डोंगर चढता यावा, यापेक्षा जास्त मी काही मागत नव्हते. एका रविवारी मी सांगून टाकलं, मला बसवून वर नेणार असाल तरच त्या गाडीचं नाव माझ्यासमोर काढा.

यांनी ते मनावर घेतलं, तिथेच घोटाळा झाला.

दिवाळे गावात यांचा शाळेपासूनचा दोस्त आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि मोठ्यानं हसला. "दादूस, यो इंजिन हाय का मिक्सर?" त्याच्याकडे एका जुन्या जीपचं भलंमोठं डिझेल इंजिन होतं. कुणाच्या तरी होडीसाठी आणलेलं, पण त्या माणसानं होडीच विकून टाकली होती. तेच आपल्या गाडीत बसवायचं ठरलं. आरटीओला विचारल्याशिवाय असलं काही करता येत नाही, असं मी सांगून बघितलं. "आधी बसू तर दे," हे म्हणाले.

काम झाल्यावर मला समारंभानं दिवाळ्याला नेलं. सासूबाई सोबत होत्या. सुकट वाळत घातलेल्या जागेशेजारी गाडी उभी होती, धुऊनपुसून चकचकीत. मी माझं दार उघडलं. आत इंजिन होतं.

म्हणजे पुढे बॉनेटखाली थोडंसं, आणि बाकी सगळं माझ्या सीटच्या जागी. वर पत्र्याचा डबा ठोकलेला. माझी सीट भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर एक मांजर झोपलं होतं.

"वयनी, टेन्शन नका घेव," दोस्त म्हणाला. "सगला वजन नालीवर ठेवला तर गारी तोंडावर आपटंल." होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. जन्मभर त्यानं होड्याच केलेल्या, त्यामुळे त्याच्या लेखी गाडीलाही नाळ होती. "म्हनून मागं मदी घेतला. दादूस यो बाजूला बसतो, म्हनून इंजिन त्यो बाजूला. काटा कसा सरल झाला बगा!"

"आणि मी कुठे बसू?"

त्यानं खरोखर विचार केला. "वजन तुमच्याएवराच हाय त्याचा," तो म्हणाला. म्हणजे माझा प्रश्न सुटला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे पाना उचलून त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायला लागले.

"काढा ते इंजिन," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

पण तोवर सासूबाई पुढे झाल्या होत्या. त्या मूळच्या याच कोळीवाड्यातल्या, आणि त्यांच्याकडे नवीन इंजिनाची पूजा झाल्याशिवाय ते चालू करत नाहीत. त्यांनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग कमरेची पिशवी सोडून एक खण काढला, त्यात तांदूळ घातले, आणि माझ्या जागेवर बसलेल्या इंजिनाची माझ्याच सासूनं ओटी भरली. बघायला जमलेल्या गावातल्या सगळ्या बायकांनी हात जोडले. मी सोडून.

"आता नाय काढायचा," सासूबाई म्हणाल्या. "ओटी भरलेली बाय घरातनं बाहेर कारतान काय?"

इंजिन चालू केलं. होडीसारखा टुकटुक आवाज झाला आणि मासळी आली असं समजून गावातली सगळी मांजरं धावत आली. मी रिक्षा करून घरी गेले. आठवडाभर मी यांच्याशी फक्त "जेवण झाकून ठेवलंय" एवढंच बोलत होते. रागापेक्षा मला अपमान वाटत होता. आधी निदान चढापर्यंत तरी जागा होती.

रविवारी हे एकटेच डोंगराकडे निघाले. सासूबाईंना बघायचं होतं, म्हणून मलाही त्यांच्यासोबत रिक्षानं जावं लागलं. चढाच्या पायथ्याशी दोस्त आणि अर्धं दिवाळे गाव जमलं होतं. यांनी ऐटीत गियर टाकला. इंजिन गरजलं, मागची चाकं गरगर फिरली, रबराचा धूर झाला आणि गाडी होती तिथेच राहिली. पुन्हा तेच. जोर इतका वाढला होता की मागं वजनच पुरेना. जमलेल्यांपैकी प्रत्येकानं एकेक उपाय सांगितला आणि शेवटी डिकीत वाळूच्या गोण्या टाकल्या. गाडी सुटली खरी. पण पहिल्याच वळणावर गोण्या एका बाजूला घरंगळल्या आणि गाडी गर्रकन फिरून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. आत हे, घामाघूम.

दोस्त गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"वयनी, गोनी कलत नाय," तो म्हणाला. "वलनावर मानसाला कलायला लागतं. होरीत कसा, एकानं त्यो बाजूला झुकायचा. मागं मानूस पायजेल."

"मग बसवा की कुणालाही."

"गारीची सवय असलेला मानूस पायजेल. आनि तुमचा वजन मी धरूनच चाललेलो ना."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. हे गाडीतून उतरून खाली आले. डोंगरावरचे यांचे मित्रही तमाशा बघायला उतरले होते, तेच ते हसणारे. मी म्हटलं, "काय ते मोठ्यानं बोला."

यांनी घसा खाकरला. "तुझ्याशिवाय चढत नाही," हे म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"तुझ्याशिवाय गाडी चढत नाही!"

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. इतक्या येड्यासारख्या कारणासाठी कुणाचे भरले नसतील.

दोस्तानं डिकीचं झाकण काढून माझी सीट तिथे घट्ट बसवली. पुढे तोंड करून पाय मावेनात, म्हणून उलटी. मी मागे तोंड करून बसले, पदर कमरेला खोचला आणि सासूबाईंना हात केला. इंजिन टुकटुकलं, चाकांनी रस्ता धरला. वळण आलं की हे पुढून ओरडायचे, "डावीकडे!" माझं तोंड उलटं, त्यामुळे यांची डावी ती माझी उजवी. दोनदा मी चुकले, दोनदा आम्ही कठड्यापाशी जाऊन आलो. मग मी यांचं ऐकणं सोडलं आणि मला वाटेल तशी कलायला लागले, तेव्हा गाडी सरळ चालली.

इतकी वर्षं हा चढ मी रस्त्याकडे बघत चढले होते. आता सगळं बेलापूर माझ्यासमोर खाली खाली जात होतं. खाडी, तिच्यातल्या होड्या, आणि तोंड वर करून उभी असलेली, लहान होत गेलेली माणसं. मी मोठ्यानं हसत होते. पुढे यांना ते इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसणार.

वर पोचलो. कणीसवाला बघतच राहिला. हे लगबगीनं मागे आले, मला हात दिला. "आलो की नाही? चल, उतर आता."

"मी उतरणार नाही," मी म्हटलं. "कणीस इथे आणून द्या."