अंगणातली शिडाची होडी

डिंभ्याच्या धरणावर एका हौशी माणसाने पर्यटकांसाठी शिडाची होडी ठेवली होती. काही वर्षं ती चालली, मग तळातून पाणी घ्यायला लागली आणि दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पेठला आमच्या अंगणात आली. वडील सुतार. दारं, चौकटी, देव्हारे करण्यात त्यांची हयात गेलेली. होडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण तोवर बहुतेकांनी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा धरला होता, लाकडाचं काम करणारे उरलेच कितीसे? कपाट काय न् होडी काय, लाकूडच ना, असं म्हणून मालकाने ती आमच्या गळ्यात मारली.

गाव बघायला जमलं. साग इंग्रजांच्या काळातला, असं म्हणून लोक तिच्यावरून हात फिरवून जायचे. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ऊन चढलं की सुकणारं लाकूड कण्हायचं. भर दुपारी आम्ही जेवत असताना अंगणात कुणी कुशीवर वळल्यासारखा आवाज यायचा आणि नानीचा घास हातातच राहायचा.

नानी म्हणजे माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते माझ्या जन्माआधी सुतारकामाला मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचीही नाही. नानी कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची, आणि लग्नकार्यात तिला हळद लावायला बोलवायचं की नाही यावर भावकीत कुजबुज चालायची. हळदीच्या पाटापर्यंत नेऊन ऐनवेळी तिला भाजी निवडायला बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नानी मुकाट्याने मेथी निवडत बसली होती.

आठवडाभराने वडिलांनी होडीचा आतला रंग खरवडला. एका फळीला जुनी चीर होती. ती पसरू नये म्हणून तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडाचा तुकडा बसवलेला होता. असा डमरू कुणीही सुतार बसवतो. पण आमच्या आजोबांनी दोन्ही मुलांना त्याची एक बाजू मुद्दाम जरा रुंद ठेवायला शिकवलं होतं, आपल्या घरची खूण म्हणून. या डमरूची एक बाजू रुंद होती. वडिलांनी त्यावर तळहात टेकवला.

मग मला म्हणाले, "माझा भाऊ हाय का न्हाई, येवढं तरी कळाया पायजे. तू फोन लाव."

मी तेव्हा रस्त्याला लागून एसटीडी बूथ चालवत होते, आणि नसत्या चौकशा करायची खोड मला होतीच. धरणावरच्या मालकाने पुण्याच्या एका डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी होडीची वंशावळच ऐकवली. कुणा साहेबाने ती मुंबईत बांधून घेतली, विलायतेला परतताना एका कापडवाल्या शेठला विकली, शेठ वारल्यावर पोरांनी ती माझगावच्या होडी-दुरुस्तीच्या एका शेडमध्ये टाकली. डॉक्टरांनी ती तिथेच विकत घेऊन तिथेच दुरुस्त करवली, पण पाण्यात घालायला सवड होईना म्हणून परस्पर डिंभ्याला देऊन टाकली. दुरुस्ती कुणी केली, हे मात्र त्यांना आठवेना. साहेब आठवतो, शेठ आठवतो, सुतार कशाला आठवेल? मी फोन जरा आपटूनच ठेवला.

शेडचा नंबर मिळायला बरेच दिवस गेले. तेवढ्यात नानीने अंगणातून जाणं सोडलं. नळावर जाताना ती गोठ्यामागून वळसा घालायची. आम्हाला वाटलं, होडीला भ्याली. तिला काय बोल लावणार, एकदा संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना होडीत कुणी पाठमोरं बसलंय असं वाटून मीच कपडे तसेच टाकून आत पळाले होते.

शेवटी शेडचा म्हातारा मुकादम फोनवर भेटला. मी पेठहून बोलतेय म्हटल्यावर त्यानेच विचारलं, आमच्या पेठवाल्या मिस्त्रीचे कोण तुम्ही? वडील शेजारीच उभे होते. आम्ही दोघांनी मिळून रिसिव्हर कानाला लावला. मिस्त्री शेडमध्येच राहायचा, आपल्याला कुणी नाही म्हणायचा. होडी डिंभ्याला निघाली तेव्हा डोलकाठी उभी करून द्यायला तोच लॉरीबरोबर गेला. काम करून परत आला आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेला. अग्नी शेडमधल्या लोकांनीच दिला.

मुंबईहून पुण्यावरून डिंभ्याला जायचं तर वाट पेठवरूनच. जिवंत माणूस आमच्या दारावरून गेला होता. वडील बूथमधल्या स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं, पण त्या क्षणी तो समोर असता तर त्याची गचांडी धरली असती.

घरी जाऊन वडिलांनी हातपाय धुतले. नानी भाकरी थापत होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "वहिनी, होडीचं काय बी कळलं न्हाई."

नानीचे हात थांबले नाहीत. "लॉरी हितं च्यापाण्याला थांबली व्हती, भावजी. तुमी घाटघरला कामावर व्हता, पोरगी कालिजात. दोर आवळाया ते खाली उतरले. पाणी मीच दिलं."

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं वडिलांनी कसंबसं विचारलं.

"'मावशी, आजून थोडं द्या,' म्हनले मला." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मावशीनं कुनाला काय सांगायचं?"

त्यांनी खरंच ओळखलं नव्हतं की ओळख दिली नव्हती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. भाकरी उलटून तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

"हाईत का?"

वडिलांनी नाही अशी मान हलवली. नानीने ती भाकरी पुरती भाजली, तवा उतरवला आणि ती मोरीवर गेली. तिने कुणालाही बोलावलं नाही. कुंकू पाण्याने धुतलं. बांगड्या फोडल्या नाहीत. हाताला साबण लावून एकेक काढल्या आणि पुसून कोनाड्यात ठेवल्या.