मागच्या खोलीतला पोटभाडेकरू

आता हसायचं नाही, आधीच सांगतो! एका साध्या शब्दापायी माझी बोबडी वळली होती.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची गोष्ट. सोयगावाहून औरंगाबादला कचेरीत नोकरीला आलो. शाळा सगळी उर्दूत झालेली. मराठी आपली घरातली, शेतातली. औरंगपुऱ्यात दिगंबरराव भाड्यानं राहायचे. त्यांनी आपल्या जागेतली मागची खोली मला भाड्यानं दिली. खिडकी नाही, भिंतीला सदा ओल, दुपारीसुद्धा कंदील लागायचा.

एका सुट्टीच्या दिवशी दार लोटून पडलो होतो. बाहेर घरमालकीणबाई शेजारणीशी कुजबुजत होत्या.

"मागच्या खोलीत पोटभाडेकरू शिरलाय."

"अगं बाई! कधी?"

"काय ठाव! दिसतच नाय. अंधारात बसून ऱ्हातो. भिंतीतून नुसती घुरघुर ऐकू येती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा! खोलीत तर मी एकटा. मग अंधारात बसतो तो कोण? आणि नाव तरी कसलं! झाडाला धरून राहणारं भूत ऐकलं होतं, विहिरीतलं ऐकलं होतं. हे पोटात बिऱ्हाड करणारं असणार! मी हळूच पोटावर हात ठेवला.

आतून 'गुर्रर्र' झालं!

सांगा, काय करावं माणसानं? घास उतरेना. जेवण नाही म्हणून पोट आणखीच गुरगुरे. कंदिलाच्या उजेडात भिंतीवरच्या ओलीला नाकडोळे फुटले. मी पुटपुटायचो, "कोण हाय?" आणि उत्तर यायचं, पोटातून!

दिगंबरराव गावाला गेलेले. शेवटी मालकीणबाईंचे पाय धरले.

"बाई, त्या पोटभाडेकरूला काढा!"

"तुम्ही म्हणता? काढू?"

"आजच!"

"पुन्हा पाय ठेवू द्यायची नाय मी."

"लई उपकार होतील!"

संध्याकाळी कचेरीतून आलो, तर माझी ट्रंक आणि वळकटी रस्त्यावर. दाराला कुलूप!

"बाई, हे काय?"

"काढला की! भाडेकरू दिगंबरराव. त्यांच्याकडनं खोली घेतलेले तुम्ही, म्हणून पोटभाडेकरू. जातीत पोटजात असती ना, तसं."

पोटजात! ती तर खोली मिळवताना घडाघडा सांगितली होती हो! तिथलं 'पोट' कळलं, इथलं नाही!

शेजारीण धावत आली. "बाई, कोणता मंतर मारला? आमचा पोटभाडेकरू कोर्टात जाऊनबी निघंना!"

"मंतर कसला?" मालकीणबाई म्हणाल्या. "यानंच पाय धरले, मला काढा म्हणून!"