गुरुवारची ग्रामसभा

डाळ शिजेना, तेव्हा आम्हाला कळलं की वरच्या आळीची विहीर गेली. तिच्या शेजारी निकेलच्या मुलाम्याचा कारखाना निघाला होता. त्याचं तेजाबाचं पाणी झिरपून थेट विहिरीत. म्हशीसुद्धा तोंड लावीनात. मग पंचायतीनेच नियम केला, विहिरीपासून पाचशे पावलांच्या आत असलं पाणी सोडायचं नाही. त्या नियमावरच खालच्या आळीची आमची विहीर तगली. गावात गोडं पाणी तेवढंच उरलं होतं.

आणि दोन वर्षांत तोच नियम काढून टाकायचा ठराव आला! का, तर आणखी एक कारखाना यायचा होता, आमच्या विहिरीला अगदी खेटून. सरपंच माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, बोलणं तर लांबच. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तर म्हणतात कसे, घरातलं चव्हाट्यावर कशाला? माझं डोकंच फिरलं. हंडा माझ्या डोक्यावर आणि अब्रूची काळजी ह्यांना!

सभा मुद्दाम गुरुवारी सकाळी ठेवली होती. माणसं कामावर असतील, पाच-दहा डोकी जमतील, हात वर होतील, झालं काम. पण मामंजींचा, म्हणजे ह्याच सरपंचांचा, जन्म शेतीत गेलेला. सुट्टी म्हणजे रविवार नाहीतर बैलपोळा, एवढंच त्यांना ठाऊक. आमची माणसं जातात त्या भोसरीच्या कारखान्यांना वीजकपातीपायी गुरुवारची सुट्टी असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी मात्र घरोघर फिरून सांगून आले. पुरुष झाडून सगळे घरी, आणि पोरं आलटून पालटून त्यांच्या गळ्यात मारली की बायकाही मोकळ्या.

चावडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. नाक्यावरचे गॅरेजवाले चाचासुद्धा बिऱ्हाडासकट आले होते. मामंजी ठराव वाचू लागले आणि मी उभी राहिले.

"सूनबाई, घरला जा," मामंजी म्हणाले.

"जाते की मामंजी. पर उद्या डाळ कंच्या पाण्यात शिजवू, तेवढं सांगा."

त्यांनी घाईनेच ठरावाच्या बाजूने हात मागितले, ते कसेबसे सात. विरोधात म्हटल्यावर चावडीभर हात! आमच्या ह्यांचाही दिसला, जरा उशिरा. आणि मागच्या भिंतीशी बसलेल्या चुलत सासूबाईंचा, म्हणजे खुद्द सरपंचांच्या बायकोचा, हात बांगड्यांसकट ताठ वर. मामंजींनी तिकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले तर ह्याच चुलत सासूबाई आधीच पोहरा सोडून उभ्या. भरलेला पोहरा त्यांनी माझ्या हंड्यात ओतला.

"रातच्याला इचारत व्हते, हात का वर केला म्हून," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, डाळ मी शिजवते."