सुम्ने बसलेले काका

रघूत्तमकाका आयुष्यभर सुम्ने फिरले. सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या म्हैसूरच्या मराठीत हा कन्नड शब्द इतका मुरलाय की घरात 'उगाच' कोणी म्हणतच नाही. निवृत्त झाल्यावर ते बसने कृष्णराजनगरला जायचे, कावेरीकाठी बसायचे आणि परत यायचे. काय काम होतं विचारलं, तर म्हणायचे, "कामाला ऑफिसात जात होतो."

गुडघे गेले तेव्हा मी त्यांना टीव्हीवर एक गेम लावून दिला. "काका, अख्खं राज्य आहे. कुठंही जा, काहीही करा."

गेममध्ये ते धुक्यातून हिंडले, एका गुहेत डोकावले. गुहा रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तिथल्याच नदीकाठच्या एका म्हाताऱ्याने त्यांना गाठलं. नात हरवलीय, शोधून द्या, म्हणाला. काका हो म्हणाले, आणि पडद्यावरचा बाण त्यांना त्याच गुहेकडे घेऊन गेला. मुलगी तिथं रडत बसली होती.

"काल इथं कोणी नव्हतं," काका म्हणाले. "मी हो म्हटलं म्हणून ती हरवली."

"गेम तसेच बनवतात, काका."

"मग कुठंही जा कशाला म्हणालीस?"

त्यांनी सगळं पुसून खेळ पहिल्यापासून सुरू केला. आता रोज दुपारी ते त्या नदीकाठी सुम्ने बसतात. पडद्यावर सांज होते, पाणी सोनेरी होतं, पाखरं परततात. म्हाताऱ्याच्या डोक्यावर, याच्याकडे काम आहे म्हणून सांगणारी पिवळी खूण लुकलुकते आणि तो हाक मारत राहतो. काका मान वळवत नाहीत.

"बोला की त्याच्याशी," मी म्हणते.

"नको. पोर घरी आहे त्याची."