उत्तरातली बाई

मला खाटेवर निजवलं. मी आजारी नव्हते.

सकाळपासून मी उपकेंद्राचं अंगण झाडत व्हते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला सरकारनं बांधलेल्या दोन खोल्या, त्याला उपकेंद्र म्हणायचं. एरवी कुलूप. व्हरांड्यात शेरडं बसायची. त्या दिवशी कुलूप निघालं. लेंड्या झाडल्या, फिनेल ओतलं, खाटेवर नवी चादर आली. जीपमधून आरोग्य खात्याचे एक साहेब उतरले. मागनं एक नर्सबाई, ती दुसऱ्या गावची, तेवढ्यापुरती आणलेली. आन् आमदारांचा एक माणूस, पांढऱ्या कपड्यांतला, त्याला सगळी भाऊ म्हणत व्हती.

साहेबांनी खोली पाहिली आन् विचारलं, पेशंट कुठंय. पेशंट कुठून असणार? कुलूप लावलेल्या दारात आजारी माणूस कोण घेऊन येतंय. भाऊनं इकडं तिकडं बघितलं. माज्या हातातला झाडू बघितला आन् बोट केलं.

"हिला झोपवा."

माजं नाव कुणी विचारलं न्हाई. नर्सबाईनं सलाईनची बाटली खिळ्याला टांगली, नळी माज्या मनगटावर चिकटपट्टीनं चिकटवली. सुई न्हाई, नुसती नळी. भाऊनं मोबाईल समोर धरला. डोळे मीट म्हणला. जरा आजारी दिस की, म्हणला. मी मिटले डोळे. आजारी कसं दिसायचं ते मला येईना, म्हणून तोंड वाकडं केलं. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला.

"पाय झाका तिचे. चिखल दिसतोय."

चादर पायावर ओढली. कुणीतरी हसलं. फोटो झाले. उठले तर भाऊनं हातावर बिस्कीटचा पुडा ठेवला, लेकराच्या हातावर ठेवावा तसा. जीप खाली गेली. त्याच्या आधी दाराला कुलूप लागलं.

आता त्या जागेचं सांगते, म्हणजे माजं डोकं का फिरलं ते कळंल.

त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. श्रावण व्हता. माजी धाकटी जाऊ सखू, तिच्या पोटात दुपारपासून कळा. पाऊस असा की समोरचं घर दिसंना. रस्त्यावर दरड आलेली. दवाखान्याच्या गाडीला फोन लावायचा तर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. माजा दीर, म्हणजे सखूचा नवरा, तो चढला, भिजला, ओरडला. गाडी म्हणली रस्ता मोकळा झाल्यावर येतो. मग आमी चौघीजणींनी सखूला घोंगडीत घातलं आन् उपकेंद्रावर नेलं. कुलूप. नर्स महिन्यातून एकदा यायची, ते बी मनात आलं तर. पायरीवर, दाराला पाठ लावून सखू बाळंत झाली. पोरगी व्हती. नाळ मी कापली. एकदा आवाज केला तिनं. मग न्हाई केला.

दाराच्या आत खाट व्हती. खिडकीच्या फटीतून दिसत व्हती. कोरडी.

ही गोष्ट पेपरात आली. आमदारांच्या कानावर गेली. आन् त्यांनी विधानसभेत प्रश्न लावला. आमच्या वाडीवर त्याचा लई बोलबाला झाला. माज्या सासूबाईंनी तर देवाजवळ साखर ठेवली. सरकारला प्रश्न गेला म्हणजे आता नर्स येणार, असं आमी धरून चाललो. प्रश्न वर गेला की वरचे खाली विचारतात, खालचे आणखी खाली विचारतात, आन् शेवटी उत्तर बनवायला एक जीप येती, हे आमाला काय ठाऊक? अंगण झाडायला बोलावलं तवा मी सुद्धा हरखून गेले व्हते. नर्ससाठी झाडतोय असं समजून कोपरे खरवडले मी.

फोटो काढला त्या साली भातानं बी दगा दिला. दिवाळीत पाऊस पडला. कापलेलं भात खाचरात पडून व्हतं, त्याला जागच्या जागी मोड आले. हिरड्याचं तर आधीच वाटोळं झालं व्हतं. वादळात बापजाद्यांनी राखलेली झाडं मुळासकट आडवी झाली. चैताच्या सुमाराला हिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा, त्याच्यावर आमचं मीठमिरची चालायचं. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणला, हिरडा पिकात धरत न्हाईत. मग आमी खाली उतरलो. आमच्या डोंगरातली निम्मी माणसं भात निघालं की बागायतीत कामाला जातात. आमी कळंबला गेलो, कांदा लावायला. मी, माजे मालक, दीर आन् सखू. सखूला पुन्हा दिवस गेले व्हते. वाकून रोपं लावायची, मधीच कंबर धरून उभी राहायची. तिला बस म्हणलं तर बसायची न्हाई. रोज कोण देईल बसलं तर.

एका दुपारी भाकरी खात बांधावर बसलो व्हतो. शेतमालकाच्या ट्रॅक्टरवरचा पोऱ्या मोबाईल घेऊन आला. तुमच्या वाडीचं नाव घेतलंय बघा, म्हणला. आमी सगळ्या बाया वाकलो. आमदार उभं व्हतं. मोठं सभागृह, लाल गाद्या, माईक. आन् खोटं कशाला सांगू, लई छान बोललं. पश्चिम पट्ट्यात भाताला खाचरात मोड आले, म्हणलं. पाऊस कधी यायचा त्याचं गणितच बिघडलंय, सरकारनं त्याचा काय विचार केलाय, म्हणलं. वादळात पडलेल्या हिरड्याची भरपाई का न्हाई, म्हणलं. मग आमच्या वाडीचं नाव घेतलं. एका माउलीला बंद दारापुढं बाळंत व्हावं लागलं, याला जबाबदार कोण, असं विचारलं. माज्या अंगावर काटा आला. आमचं नाव तिथं. तिथपर्यंत गेलं. सखू रडायला लागली, पण ते रडणं चांगलं व्हतं.

मग मंत्री उठलं. कागद वाचला. सदर उपकेंद्र सुरू आहे, रुग्ण उपचार घेत आहेत, छायाचित्र सोबत जोडलेलं आहे. आमदार पुन्हा उठलं आन् म्हणलं की समाधान झालं, आभारी आहे. बसलं. झालं. तेवढ्यात खेळ खल्लास.

व्हिडिओ तिथं संपला न्हाई. भाऊनं शेवटाला गाणं टाकलं व्हतं, आमदारांचा हसरा फोटो टाकला व्हता, आन् त्याच्या शेजारी मी. खाटेवर. डोळं मिटलेली, तोंड वाकडं केलेली, मनगटाला नळी. खाली लिवलं व्हतं, शब्द दिला, शब्द पाळला.

शेतमालकीण खांद्यावरून बघत व्हती. अगं, तू कधी गं आजारी पडलीस, म्हणली. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सखूकडं बघितलं न्हाई. बघायची हिंमत न्हाई झाली. तिलाच बोलावं लागलं. आवाज चढवला न्हाई तिनं.

"जाऊबाई, त्या खाटेवर तुमी निजलाव? मला उंबऱ्याच्या आत बी कुणी घेतलं न्हाई."

भाकरी हातात राहिली. साहेबांनी पाय झाकायला सांगितलं तवा मला नुसती लाज वाटली व्हती. बाईमाणसाला लाज वाटतीच, ती गिळून टाकायची सवय असती. पण हे गिळता येईना. माज्या झाकलेल्या पायांखाली सखूची पोरगी झाकली व्हती त्यांनी. प्रश्न तिच्यावरून निघाला आन् उत्तर माज्यावरून काढलं, आन् दोन्ही बाजूंचं काम भागलं. सरकारचं बी. आमदारांचं बी. फुकटात. वाडीतल्याच एका बाईला आडवं करून.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

माघात आमदारांचा सत्कार ठरला, उपकेंद्राच्याच अंगणात. भाऊनं कळंबला जीप पाठवली, त्या फोटोतल्या बाईला आणा म्हणून. मी सखूला म्हणलं, चल बस. जीपवाला कुरकुरला. तिला घेतल्याशिवाय मी येत न्हाई म्हणलं, तवा त्यानं गाडी काढली. वाडीवर मांडव, खुर्च्या, स्पीकर. दार उघडं. तीच खाट, तीच चादर. मला नवी साडी दिली आन् ओवाळणीचं ताट हातात दिलं. ओवाळायचं, मग माईकवर दोन शब्द बोलायचं, आमदार साहेबांमुळं जीव वाचला म्हणायचं. भाऊनं माज्याकडनं पाठ करून घेतलं.

मी ताट खाली ठेवलं. साडीची घडी मोडली नव्हती, ती ताटाशेजारी ठेवली. माईक धरला.

"मी आजारी नव्हते. मला निजवलं व्हतं. ही सखू, हिची पोरगी ह्या पायरीवर गेली. चैतात हिचं परत दिवस भरत्यात. नर्स कुठल्या तारखेला राहायला येणार तेवढं सांगा, मग हार घाला."

माईक बंद झाला. भाऊ लोकांना सांगायला लागला, बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई, कामानं थकलीय. मांडवात कुणी हललं न्हाई. आमदार खुर्चीवरून उठून माज्याजवळ आलं. माणूस शांत. चिडलं न्हाई. चिडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, तुमच्यासाठीच भांडलो मी. मी प्रश्न विचारला नसता तर हे दार तरी उघडलं असतं का?"

"प्रश्न तुमचा खरा व्हता साहेब. उत्तर खोटं व्हतं. आन् ते तुमाला ठाऊक व्हतं."

त्यांनी माज्याकडं बघितलं. मग सखूच्या पोटाकडं. बघतो, म्हणलं. पाठपुरावा करतो, म्हणलं. गाड्या गेल्या. मांडववाल्यानं खुर्च्या भरल्या. ऊन उतरायच्या आत शिपाई आला आन् दाराला कुलूप घालून गेला. एवढं बोलून बी. सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत.

मी त्याच पावली घरोघर गेले. उद्या माजी पडकई हाय, म्हणलं.

पडकई म्हणजे आमच्याकडची रीत. डोंगर उतारावर खाचर पाडायचं तर एका घराच्यानं व्हत न्हाई. मग ज्याचं काम त्यानं बोलावणं करायचं, अख्ख्या वाडीनं आपापली कुदळ, पहार घेऊन यायचं. मजुरी न्हाई. जेवण त्या घरचं. आज माज्याकडं, उद्या तुज्याकडं. पडकईला न्हाई म्हणत न्हाईत. म्हणलं तर त्याच्या खाचरावर पुन्हा कोण जाणार?

सकाळी सगळी आली. कुठलं खाचर, म्हणून विचारायला लागली. मी चढावर चालायला लागले. उपकेंद्राच्या अंगणात थांबले आन् दाराकडं हात केला. हे काढायचं, म्हणलं. कुलूप तोडायचं न्हाई. तोडलं तर नवं आणतील. दारच काढायचं.

बाप्यांची पाचावर धारण बसली. माजे मालकच पहिले बोलले, सरकारी वस्तू हाय, आत टाकतील. म्हातारी माणसं मागं सरली. मी म्हणलं, पडकई माजी हाय, गुन्हा बी माजा. तरी कुणी पुढं येईना. मग दीर आला. सखूचा नवरा. पोरगी गेल्यापासून त्या पायरीकडं त्यानं मान वर करून बघितलं नव्हतं. त्यानं बिजागरीत पहार घातली. एकदा दाबली, पुन्हा दाबली, आन् लाकूड करकरलं. मग सगळ्यांचे हात लागले. दोन फळ्यांचं दार, मधी कडी, कडीला कुलूप तसंच. सहा जणांनी उचललं आन् माज्या अंगणात आणून टाकलं. मी नाचणीची भाकरी आन् कालवण वाढलं सगळ्यांना. पडकईचं जेवण चुकवता येत न्हाई.

त्याला आता महिना व्हत आला. दोनदा पोलीस येऊन गेले. आरोग्य खात्याचे साहेब येऊन गेले, तेच, फोटोच्या दिवशीचे. त्यांना अंगणात दार दिसलं, तरी विचारलं, दार कुठंय. मी म्हणलं, तुमच्या समोर. नर्स राहायला येऊ द्या, तिचं सामान उतरलं की त्याच दिवशी आमी बसवून देतो. ते म्हणले असं अटी घालून चालत न्हाई. मी म्हणलं, कुलूप घालून चालतंय व्हय?

वाडीतली एक पिकअप गाडी आमी रोज सखूच्या घरासमोर लावतोय. डिझेल वर्गणीचं. नर्स आली न्हाई तर सखूला मंचरच्या दवाखान्यात न्यायचं. तसं जावं लागलं तरी दार परत द्यायचं न्हाई, हे ठरलंय. सखूच्या नंतर वाडीत आणखी दोघींना दिवस गेलेत.

काल भाऊचा फोन आला. आवाज मऊ. मला म्हणला, ताई, साहेब पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न लावतायत. गुन्ह्याचं बी ते बघतील, मिटवतील. तुमी फक्त दार बसवून घ्या आन् बसवताना एक फोटो काढू द्या. तुमी मधी उभ्या राहा. आता झोपायचं न्हाई, उभ्याच राहा.

मी त्याला म्हणलं, गुन्हा माज्या नावावर घाल. नाव लिवून घे, मागच्या खेपंला विचारायचं राहिलं व्हतं. साहेबांना प्रश्न लावायचा तर लावू दे. उत्तर बनवायला जीप पाठवायची न्हाई. नर्स पाठवायची. तोवर दार मी देत न्हाई.