बॉनेटवरचे टवके

आमच्या इस्माइलियात माणूस एक वेळ मोडलेली सोयरीक विसरेल, पण गाडीला लागलेला दुसरा रंग विसरणार नाही. कारखान्यातून आलेला रंग अंगावर असेल तर गाडी ‘फाब्रिका’. नसेल तर कितीही चकाचक असो, कुठेतरी ठोकलेलीच. शाकिरची निळी गाडी फाब्रिका होती. कुवेतला नोकरीवर जाताना किल्ली थोरल्या भावाच्या, रिफअतच्या हातात देऊन तो म्हणाला होता, आठवड्यातून गल्लीत एक चक्कर मार, बास.

रिफअतची चक्कर थेट कैरोला जाऊ लागली. त्याच्या बायकोला, इन्शिराहला, कर्करोग झाला होता आणि दर सोमवारी औषध चढवायला न्यावं लागे. परतताना मायक्रोबसमध्ये तिला उलट्या होत, म्हणून ही गाडी. शाकिरला कळवायचं नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. कुणाची कीव नको होती तिला. आणि हाही काही कमी हट्टी नव्हता.

त्या रस्त्यावर खडीचे ट्रक सारखे पुढे असतात. खडे उडून बॉनेटवर टवके पडले, तांदळाच्या दाण्याएवढे. शाकिर ईदला येतोय म्हटल्यावर या शहाण्याचं धाबं दणाणलं. त्याने दाराच्या कडेच्या पट्टीवरचा रंगाचा नंबर दुकानात दाखवून तोच रंग बनवून आणला, गाडी अंगणात घेतली आणि तासलेल्या काडीने एकेका टवक्यात थेंब सोडू लागला. एक थेंब वाळू द्यायचा, मग दुसरा. इथवर सगळं बरोबर होतं. पण एक थेंब फुगला. तो बसवायला ओला पॉलिशपेपर घासला, जरा जास्तच घासला, आणि भोवतीचाही रंग निघून खालचा करडा थर दिसू लागला. मग घाबरून त्याने फवाऱ्याचा डबा आणला आणि अर्धं बॉनेट रंगवून टाकलं. रंगवलं मात्र सुरेख, अगदी नजर लागण्यासारखं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शाकिर गाडी अजून फाब्रिकाच आहे हे मिरवायला म्हणून गाड्या रंगवणाऱ्या बदावीला घेऊन आला. बदावीने रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटला टेकवलं, पुन्हा टेकवलं, आणि खाली बघत पुटपुटला की इथे नंतर रंग बसलाय.

"कुठे ठोकलीस, दादा?" शाकिरने विचारलं.

"ठोकली नाही रे. खडे लागले होते, ते बुजवले."

"टवके तसेच ठेवले असतेस तर मी हसलो असतो. टवके दिसले की रंग जुनाच आहे हे कळतं. आणि गल्लीतल्या चकरेत खडे कुठून आले?"

 रिफअतने खरं सांगावं तर बायकोला दिलेला शब्द मोडतो. शाकिरने हात पुढे केला तशी त्याने किल्ली दिली.

तेवढ्यात इन्शिराह चहाचा ट्रे घेऊन दारात आली. रुमाल कपाळावर खालपर्यंत बांधलेला.

"खडे कैरोच्या रस्त्यावर लागले," ती म्हणाली. "मला इस्पितळात न्यायचे हे, दर सोमवारी. केस गेलेत माझे, शाकिर. यांना मीच गप्प बसवलं होतं."

 शाकिर भावाकडे वळला.

"गाडी गेली खड्ड्यात. वहिनी एवढी आजारी, आणि मला कळवलं नाहीस? मग मी तुझा कोण लागतो, तेवढं सांग."

 शाकिरने किल्ली बॉनेटवर ठेवली, चहाला हातही न लावता निघाला आणि त्याच दिवशी सुएझला सासुरवाडीला निघून गेला.

किल्ली तशीच पडून होती. तिच्याकडे बघायचंही रिफअतच्या जिवावर आलं होतं. पण उद्या सोमवार होता. त्याने ती उचलली.