माझ्या तेलातलं लिमोनिन

पांढुर्ण्याच्या एका सुगंधी तेलाच्या व्यापाऱ्याने मला फसवलं, आणि त्याच्या कागदावर विश्वास ठेवून मी बोरगावच्या भट्टीवाल्या काकांची चारचौघांत बेइज्जती केली.

सौसरजवळच्या शेतात अर्धी संत्र्याची झाडं काढून मी गवती चहा लावला होता. काकांकडे वाफेची भट्टी. संत्र्याच्या दिवसांत ते तिच्यात सालीचं तेल काढत, मग टाकी घासून आमचं गवत भरत.

व्यापारी मोठा विद्वान. पहिल्याच भेटीत त्याने मला रसायनशास्त्र शिकवलं. गवती चहाच्या तेलाचा जीव सिट्रलमध्ये. लिंबाचा वास त्याचाच, साबणवाले भाव देतात तोही त्यालाच. लिमोनिन म्हणजे संत्र्याच्या सालीतला स्वस्त माल. "दादा, तेल असं पाहिजे," म्हणून त्याने नमुन्याची एक सीलबंद बाटलीही दिली. एवढं ज्ञान फुकट मिळतंय म्हटल्यावर माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्याने तिथूनच पळायला हवं होतं.

माझ्या तेलाचा नमुना त्याने तपासायला नेला. त्याच्याकडून शिक्क्याचा रिपोर्ट आला. सिट्रल कमी, लिमोनिन भरपूर.

"तुमच्याकडे संत्री फार ना, दादा. पडली असेल थोडी साल," तो गोड हसला आणि भाव अर्ध्यावर आणला.

भावावरून मी भांडलो असतो. पण भेसळवाला म्हणवून घेणं मला झोंबलं. तडक बोरगाव गाठलं. भट्टीवर चार शेतकरी गवत घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर रिपोर्ट नाचवत ओरडलो, "काका, टाकी न धुता काहून गवत भरता? माझं नाव बुडवून राहिले तुम्ही!"

"टाकीत डोकं घालून वास घे ना भाऊ," काका म्हणाले. "तुह्या डोक्यापेक्षा साफ आहे."

सगळे हसले. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चौघांतल्या दोघांनी गवत पुन्हा गाडीत भरलं.

राग उतरायला मला आठवडा लागतो. उतरला तेव्हा व्यापाऱ्याच्याच नमुन्याचं सील फोडलं, त्यातलं तेल माझ्या बाटलीत ओतलं आणि माझ्या नावाची चिठ्ठी लावून दुसऱ्या खेपेचा नमुना म्हणून त्यालाच पाठवलं. रिपोर्ट आला. दशांशासकट पहिल्या रिपोर्टचेच आकडे, तारीख तेवढी नवी. शास्त्राची प्रगती बघा, आता बाटली न उघडताच तेल तपासतात.

फोन लावला. "शेटजी, यावेळी साल कुठून पडली?"

"गवताला पाणी जास्त झालं असेल, दादा."

"ते तेल तुमच्याच बाटलीतलं होतं."

फोन कटला. तेव्हापासून साहेब फार कामात आहेत.

काकांकडे जाऊन सगळं सांगितलं, माफी मागितली. ते टाकीतलं उकडलेलं गवत ओढत राहिले. "मले काय सांगून राहिला? टाकी साफ होती हे मले माहीतच आहे. त्या दोघांले सांग."

त्या दोघांनाही सांगितलं. त्यांनी चहा पाजला, मान हलवली, आणि गवत लोधीखेड्याच्या भट्टीवर नेलं. शिक्क्याचा कागद खोटा कसा असेल, हा त्यांचा साधा हिशेब. काकांची भट्टी आता आठवड्यातून दोनदाच पेटते.

तर शेटजी, बोरगावला या. काकांच्या टाकीजवळ उभं राहून त्या दोघांना सांगा, माझ्या तेलात लिमोनिन कोणी घातलं. माझ्या तोंडाची माफी मी मागून आलो. तुमच्या कागदाचा जाब द्यायला कधी येता?